मित्राच्या सणाची बिस्किटं



युनिटमध्ये बडा खाना असला की हा सण कोणाचा, असं कुणी विचारत नाही. दिवाळीचा फराळ, ईदचा शीरखुर्मा, नाताळचा केक, सगळं एकाच पंगतीत वाढलं जातं. सध्या मी एनसीसीच्या पोस्टिंगवर म्हैसूरला आहे. फॅमिली बरोबर आहे, घर भाड्याचं आणि वस्ती सिव्हिलची. डिसेंबरात आमच्या घरातून सुंठ-लवंगेचा वास सुटला आणि गावाहून आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, "नाताळची बिस्किटं? हे आपल्यात कुठं असतं?"

असतं. का, ते आज सांगतो.

ही बिस्किटं माझ्या एका दोस्ताच्या घरची. तो मंगळूरकडचा ख्रिश्चन. त्यांच्यात नाताळात 'कुस्वार' करतात, म्हणजे आपला फराळच म्हणा. कुलकुलं, नेवऱ्या, रोज कुकीज असं ताट भरायचं आणि शेजारीपाजारी वाटायचं. आमची फिल्ड पोस्टिंग एकत्र होती. दिवाळीत माझ्या घरून चिवडा-शंकरपाळी यायची, डिसेंबरात त्याच्या घरून पत्र्याचा डबा यायचा. दोन्ही डबे अख्ख्या सेक्शनचे. तो पेन्शन गेला तेव्हा वहिनींनी बिस्किटांची कृती कागदावर लिहून दिली. वर लिहिलं होतं, "भाऊ, आता डबा तुम्ही करायचा."

आता 'आपल्यात' म्हणजे काय ते बघू. सुंठ आपली, लवंग-दालचिनी आपल्या गरम मसाल्यातली. म्हैसूरच्या देवराज मार्केटात हे सगळं मिळतं. गूळ शेजारच्या मंड्याचा. मसाल्याच्या वाटेसाठीच १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला, आणि ते कालिकत इथून घाट उतरला की आलंच. युरोपातल्या नाताळच्या बिस्किटांत जो वास आहे, तो पूर्वेकडूनच तिकडे गेला.

त्याच किनाऱ्यावर तलश्शेरीला मंबळ्ळी बापू नावाचे बिस्किटवाले होते. १८८३ मध्ये मर्डोक ब्राऊन या दालचिनीच्या मळेवाल्यानं त्यांना विलायती केकचा नमुना दाखवला आणि तसाच करून मागितला, असं सांगतात. बापू काही ख्रिश्चन नव्हते. त्यांनी इथलं सामान वापरून केक केला, आणि भारतातला पहिला नाताळचा केक म्हणून आजही त्याचंच नाव घेतलं जातं.

म्हैसूरचं सेंट फिलोमिना चर्च तुम्ही फोटोत पाहिलं असेल, दोन उंच मनोरे असलेलं. त्याची कोनशिला १९३३ मध्ये महाराजा कृष्णराज वडियार यांनी बसवली. राजाला कुणी विचारलं नसेल, हे आपल्यात कुठं असतं म्हणून.

याच शहरात डीएफआरएल आहे, १९६१ पासून. जवानाचा डबाबंद रेशन टिकावा, हलका असावा, पोटाला पुरावा, यासाठी तिथले शास्त्रज्ञ राबतात. चौकीवर त्यांच्या पाकिटानं पोट भरलं आहे, त्याबद्दल सलाम. पण पाकीट सगळ्यांना सारखंच मिळतं. घरचा डबा आपल्यासाठी केलेला असतो, आणि मित्र तो आपल्यापुढे उघडतो तेव्हा त्याचं घर आपलं होतं. वर्षानुवर्षं ते खाल्लं आणि सिव्हिल वस्तीत आल्यावर "हे आपल्यात नसतं" म्हटलं, तर ती बेइमानी आहे. माझं मत स्पष्ट आहे: मित्राच्या सणाचं नुसतं खाऊ नये, ते आपल्या हातानं करावं आणि त्याच्या नावानं वाटावं. फुकटच्या शुभेच्छा मोबाईलवर कुणीही पाठवतो.

कृती देतो. वहिनींची परवानगी आहे.

सव्वाशे ग्रॅम गूळ आणि सव्वाशे ग्रॅम लोणी मंद आचेवर विरघळवून गार करा. अडीचशे ग्रॅम कणीक किंवा मैदा, दोन चमचे सुंठपूड, एक चमचा दालचिनी, पाव चमचा लवंग, अर्धा चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळा. त्यात गुळाचं मिश्रण घाला, लागेल तसं दोन-तीन चमचे दूध घालून मळा. गोळा तासभर झाकून ठेवा. शंकरपाळीएवढं जाड लाटून कापा. १८० अंशावर दहा-बारा मिनिटं भाजा. बाहेर काढताना मऊ लागतील, गार झाल्यावर कडक होतात. डब्यात दोन दिवस मुरली की मसाला जास्त लागतो.

ओव्हन नसेल तर अडू नका. आपल्याकडे दिवाळीला सामान घेऊन बेकरीत नानकटाई भाजून आणायची पद्धत होतीच, तसं भट्टीवाल्याला विचारा.

पाहुण्यांना मी एवढं सगळं सांगितलं नाही. बशी पुढे केली आणि डबा कोणाच्या घरचा ते सांगितलं. जाताना त्यांनी पुडी बांधून नेली.

माजी सैनिक मंडळींना एक विनंती. पोस्टिंग संपते, दोस्त पांगतात, ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंग उरतं. ज्या दोस्ताच्या घरचा डबा तुम्ही खाल्ला, त्याला आज फोन लावा आणि कृती मागून घ्या. कृती सांगणारी माणसं आहेत तोवरच मिळेल. लिहून ठेवा, आणि वर त्याचं नाव घाला.

जय हिंद.