क्रेन तुमची, पण रिमोट कुणाचा? मोटरवाल्या ब्रिक मॉडेलमधून शिकण्यासारखं बरंच काही

लेगो टेक्निकची लीभेर एलआर १३००० क्रेन बघितली नसेल, तर आधी तिचा एखादा व्हिडिओ बघून घ्या. २,८८३ तुकडे, ६ मोटर, २ ब्लूटूथ हब आणि उंची साधारण एक मीटर. ऑगस्ट २०२३ मध्ये ही बाजारात आली तेव्हा अमेरिकेतली किंमत होती जवळपास ७०० डॉलर. म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ५८ हजार रुपये, आणि ते सुद्धा आयात शुल्क धरायच्या आधी!

जिची ही प्रतिकृती आहे ती लीभेर कंपनीची खरी क्रेन ३,००० टनांपर्यंत वजन उचलू शकते. खेळण्यातली क्रेन अर्थातच तेवढं उचलत नाही. पण ट्रॅकवर चालते, गोल फिरते, बूम वरखाली करते, हुक सोडते आणि ओढते. सगळं एकदम खऱ्यासारखं.

फक्त एक गोष्ट डब्यात नाही. रिमोट. ही क्रेन चालते फोनवरच्या अ‍ॅपने.

आता तुम्ही म्हणाल, मग काय झालं? फोन तर सगळ्यांच्या हातात असतोच. बरोबर आहे. पण प्रश्न आजचा नाही, दहा वर्षांनंतरचा आहे. प्लास्टिकचे तुकडे तेव्हाही तसेच असतील. अ‍ॅप असेल का? आणि हा प्रश्न एका महागड्या खेळण्यापुरता नाही. तुमचं घड्याळ, इअरबड, बल्ब, कॅमेरा, सगळ्यांना तो लागू होतो. क्रेनमध्ये तो फक्त जास्त स्पष्ट दिसतो, कारण इथे यंत्र आणि सॉफ्टवेअर यांच्यातली रेघ डोळ्यांनी बघता येते.

आधी यंत्र समजून घेऊ

मोटर लावलेली क्रेन बनवताना तीन अडचणी येतात. तिन्ही सोडवायला शाळेतलं भौतिकशास्त्र पुरतं.

पहिली अडचण, ताकद. छोटी मोटर वेगाने फिरते, पण तिच्यात जोर कमी असतो. उपाय म्हणजे कप्प्या. एकच दोरी हुकपर्यंत चार वेळा खालीवर फिरवली, तर वजन चार दोऱ्यांमध्ये वाटलं जातं. मोटरला साधारण पाव भाग जोर लागतो, पण हुकही पाव वेगाने वर येतो. फुकट काहीच मिळत नाही. वेग देऊन जोर विकत घ्यायचा. मोठ्या क्रेनचा हुक इतका सावकाश का हलतो, त्याचं एक मोठं कारण हेच.

दुसरी अडचण, वजन धरून ठेवणं. मोटर बंद केली की वजन खाली घसरायला नको. इथे वर्म गिअर कामाला येतो. स्क्रूसारख्या आट्यांचा हा गिअर मोटरने फिरवला तर समोरचं चाक फिरतं, पण समोरच्या चाकाने जोर लावला तर वर्म सहसा हलत नाही. म्हणजे ब्रेक आपोआप लागतो. २४ दात्यांच्या चाकाशी वर्म जोडला, तर वर्मचे २४ फेरे झाल्यावर चाकाचा एक फेरा होतो. जोर वाढतो आणि वजन जागच्या जागी राहतं.

तिसरी अडचण, तोल. समजा २०० ग्रॅमचं वजन ट्रॅकच्या कडेपासून ५० सेंटिमीटर लांब लटकतंय. त्याला तोलायला त्याच कडेपासून मागे १० सेंटिमीटरवर १ किलो हवं. गुणाकार दोन्हीकडे सारखाच. शिवाय बूमचं स्वतःचं वजन वेगळं. म्हणून क्रेनच्या पाठीवर काउंटरवेट असतो. आणि म्हणूनच बूम आडवा करत गेलं की उचलायची क्षमता झपाट्याने कमी होते. क्रेन किती उचलते, हा प्रश्नच अर्धा आहे. किती लांबून उचलते, हे विचारावं लागतं.

या तिन्ही गोष्टींना एक्सपायरी डेट नाही. गिअर झिजला तर बदलता येतो, दोरी तुटली तर नवी घालता येते. लेगोच्या मूळ ब्रिकचा पेटंट अर्ज १९५८ चा. तेव्हाच्या रचनेच्या ब्रिक आजच्या ब्रिकला जोडता येतात. या कंपनीबद्दल लोकांना जो विश्वास आहे, तो याच सवयीतून आला आहे.

डोकं गिअरबॉक्समधून फोनमध्ये गेलं

आता याच कंपनीची आधीची क्रेन बघा. २०१३ ची मोबाईल क्रेन मार्क टू, २,६०६ तुकड्यांची. तिच्यात मोटर एकच, बॅटरीचा डबा आणि त्यावर स्विच. एका मोटरने बूम, दोरी, आधाराचे पाय, फिरणं ही सगळी कामं कशी करायची? तर गिअरबॉक्सने. दांडा इकडे केला की ताकद बूमकडे, तिकडे केला की दोरीकडे. कुठलं काम करायचं हा निर्णय प्लास्टिकच्या दातांमध्येच घेतला जायचा.

२०२३ च्या क्रेनमध्ये मोटर सहा आहेत, आणि कुठली केव्हा किती फिरवायची हे अ‍ॅप ठरवतं. याचे फायदे खरे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. दोनतीन हालचाली एकाच वेळी करता येतात. वेग हळूहळू वाढवता येतो. मोटर किती फिरली हे मोजणारा सेन्सर मोटरमध्येच असतो, त्यामुळे हालचाल नेमकी होते. एका मोटरच्या गिअरबॉक्समध्ये हे जमलं नसतं.

पण मोबदल्यात काय दिलं? आधीचं मॉडेल चालवायला बॅटरी आणि बोट पुरेसं होतं. नव्याला कंपनीचं कंट्रोल प्लस अ‍ॅप लागतं, ते चालेल असा फोन लागतो, आणि ते अ‍ॅप कुणीतरी अपडेट करत राहावं लागतं.

अ‍ॅप आपोआप जुनं का होतं?

मी सॉफ्टवेअरमध्येच काम करतो, म्हणून हे जरा खोलात सांगतो. बऱ्याच जणांना वाटतं, अ‍ॅप एकदा बनलं की बनलं. कोडला गंज थोडाच लागतो? कोडला लागत नाही. पण त्याच्या खालची जमीन सरकत असते.

ब्लूटूथचंच उदाहरण घ्या. अँड्रॉइड ६ ते ११ पर्यंत जवळचं ब्लूटूथ उपकरण शोधायला अ‍ॅपला लोकेशनची परवानगी मागावी लागायची. खेळणं चालवायला लोकेशन कशाला, म्हणून पालक चक्रावून जायचे. २०२१ मध्ये अँड्रॉइड १२ आलं आणि ब्लूटूथ शोधण्याजोडण्यासाठी वेगळ्या परवानग्या आल्या. ग्राहकाच्या दृष्टीने चांगला बदल. पण प्रत्येक ब्लूटूथ अ‍ॅपच्या टीमला कोडला हात लावावा लागला. त्याआधी २०१७ मध्ये आयओएस ११ ने ३२ बिटची सगळी जुनी अ‍ॅप बंदच करून टाकली होती. आणि गूगल प्ले दर वर्षी किमान कुठल्या अँड्रॉइडसाठी अ‍ॅप बनलेलं हवं, ती अट वर नेतं. अ‍ॅप मागे राहिलं, तर नव्या फोनवर ते स्टोअरमध्ये दिसतच नाही.

म्हणजे अ‍ॅप जिवंत ठेवायला पगारी माणसं लागतात, दर वर्षी. आणि मॉडेलची विक्री थांबली की त्या माणसांचा पगार कुठल्या खात्यातून द्यायचा, हा प्रश्न प्रत्येक कंपनीत येतो. इथे कुणी खलनायक नाही, हिशेबच तसा आहे. लेगोचंच बघा. १९९८ पासून चाललेली माइंडस्टॉर्म्स ही रोबोटची मालिका बंद करत असल्याचं कंपनीने ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगितलं, आणि शेवटच्या रोबोट इन्व्हेंटर सेटच्या अ‍ॅपला आधार २०२४ अखेरपर्यंतच देऊ असं जाहीर केलं. तो सेट २०२० मध्ये आला होता.

तरी क्रेनची गोष्ट बरी आहे

इथे एक फरक समजून घ्या. फोनवर अवलंबून असणं आणि सर्व्हरवर अवलंबून असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मॉक्सी नावाचा मुलांशी गप्पा मारणारा एक रोबोट अमेरिकेत मिळायचा, किंमत ७९९ डॉलर. त्याचं डोकं क्लाउडमध्ये होतं. डिसेंबर २०२४ मध्ये तो बनवणारी एम्बॉडीड कंपनी बंद होत असल्याची बातमी आली, आणि घरोघरी आईबाबांना मुलांना समजवायची वेळ आली की तुझा मित्र आता बोलणार नाही. त्याच महिन्यात स्पॉटिफायने आपलं कार थिंग हे उपकरण बंद केलं. हार्डवेअर ठणठणीत होतं, तरी निरुपयोगी.

लेगोची क्रेन तशी नाही. फोन आणि हब थेट ब्लूटूथने बोलतात, मध्ये सर्व्हर लागत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते कुठल्या भाषेत बोलतात, म्हणजे प्रोटोकॉल काय आहे, याचा दस्तऐवज लेगोने गिटहबवर खुला ठेवला आहे. मोटर सुरू करायला कुठले बाइट पाठवायचे, हे कुणीही वाचू शकतं.

याचा परिणाम मोठा झाला. ब्रिककंट्रोलर २ नावाचं ओपन सोर्स अ‍ॅप आलं, ज्यात गेमपॅड जोडून मॉडेल चालवता येतं. पायब्रिक्स हा प्रकल्प तर आणखी पुढे गेला. त्याने हबचं फर्मवेअरच बदलता येतं. ब्राउझरमधून पायथॉनचा प्रोग्राम लिहायचा, हबमध्ये टाकायचा, आणि लेगोचा छोटा ब्लूटूथ रिमोट थेट हबशी जोडायचा. मग मॉडेल चालवताना फोन लागतच नाही. नको वाटलं तर मूळ फर्मवेअर परत टाकता येतं.

म्हणून माझं मत असं की वाद अ‍ॅप असावं की नसावं, हा नाहीच. अ‍ॅप असू द्या, चांगलं आहे. वाद हा आहे की अ‍ॅप गेल्यावर दुसऱ्या कुणाला आत यायला दार आहे का. प्रोटोकॉल खुला असेल तर दार आहे. नसेल, तर तुम्ही वस्तू विकत घेतली नाही, तिचं भाडं आगाऊ भरलं.

कायदा कुठे पोचलाय?

युरोपियन युनियनचा सायबर रेझिलिअन्स अ‍ॅक्ट १० डिसेंबर २०२४ पासून अस्तित्वात आला आणि त्याच्या मुख्य अटी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होणार आहेत. फोनला किंवा नेटवर्कला जोडल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी कंपनीला सुरक्षेचे अपडेट साधारणपणे किमान ५ वर्षं द्यावे लागतील. शिवाय हा आधार कुठल्या महिन्यात, कुठल्या वर्षी संपतो, ते खरेदीच्या वेळी स्पष्ट सांगावं लागेल. बिस्किटाच्या पुड्यावर असते तशी तारीख! पण लक्षात घ्या, हे सुरक्षेच्या अपडेटबद्दल आहे. अ‍ॅप कायम चालेल किंवा प्रोटोकॉल खुला असेल, अशी हमी त्यात नाही.

आपल्याकडे काय? केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. सुरुवातीची क्षेत्रं चार होती. शेतीची अवजारं, मोबाईल आणि टॅबलेट, घरगुती उपकरणं, वाहनं. खेळणी त्यात नव्हती. खेळण्यांसाठी १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचा गुणवत्ता आदेश आहे, पण तो खेळणं सुरक्षित आहे का हे बघतो, अ‍ॅप किती वर्षं चालेल हे नाही. आणि खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं होतं. म्हणजे आपला ग्राहक जास्त पैसे मोजत होता, आणि अ‍ॅपबद्दलची हमी मात्र शून्य.

घेण्याआधी किंवा बनवण्याआधी विचारा

१. मॉडेलचं मूळ काम अ‍ॅपशिवाय होतं का? निदान एखादा स्विच किंवा हाताने फिरवायचा दांडा आहे का?

२. अ‍ॅप इंटरनेटशिवाय चालतं का? फोन एअरप्लेन मोडवर टाका, फक्त ब्लूटूथ सुरू ठेवा आणि बघा.

३. खातं उघडायची सक्ती आहे का? असेल तर सर्व्हर आलाच.

४. प्रोटोकॉल खुला आहे का? मॉडेलचं नाव आणि पायब्रिक्स किंवा ओपन सोर्स असं टाकून शोधा. लोकांनी काम केलं असेल तर लगेच सापडतं.

५. मोटर बदलता येते का? मोटर वेगळी निघत असेल, तर उद्या काहीही करता येईल.

आणि ५८ हजार नसतील तर? बहुतेकांकडे नसतातच. सुट्टे टेक्निक पार्ट, गिअर असलेली साधी डीसी मोटर, एक मोटर ड्रायव्हर आणि ब्लूटूथ असलेला ईएसपी३२ बोर्ड एवढं जमवलं तरी छोटी क्रेन उभी राहते. यातलं इलेक्ट्रॉनिक्सचं सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत मिळतं. मोटर आणि ब्रिक जोडायला थोडी खटपट करावी लागेल, दिसायला ती लीभेरसारखी दिसणार नाही. पण तिचा प्रोटोकॉल तुम्ही स्वतः लिहिलेला असेल. तो बंद करायचा अधिकारही तुमच्याशिवाय कुणाला नसेल.