पादचाऱ्यांचा रस्ता

पुणे-सोलापूर महामार्ग आणि दौंड-बारामती रस्ता जेथे एकमेकांस छेदतात तेथे कुरकुंभ आहे. मोटारीतून जाणाऱ्याच्या लेखी ते रासायनिक कारखान्यांचे आणि दर्पाचे गाव. काच वर केली की संपले. फिरंगाईचे देवस्थान, माळराने, मेंढरांच्या वाटा हे सारे पाहावयाचे तर पायउतारच व्हावे लागते.

प्रदेश पायांनी कळतो, ही समजूत केवळ भाविकांची नव्हे. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिताचे पंडित. परंतु पुण्याच्या परिसरातील टेकड्या व खेडी त्यांनी पायी पालथी घातली. पंढरीच्या वाटा, धनगरांचे ऋतुमानाप्रमाणे होणारे स्थलांतर आणि आडरानातील देवींची ठाणी यांचा सांधा प्रागैतिहासिक काळाशी जुळतो, असे प्रतिपादन त्यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथात केले. त्या वाटांच्या कडेला सापडलेली बारीक दगडी हत्यारे हा त्यांचा पुरावा होता. त्यांचे सर्वच निष्कर्ष मान्य व्हावेत असे नाही. पण नखाएवढ्या त्या गारेच्या पाती धावत्या मोटारीतून दिसल्या नसत्या, हे निर्विवाद.

तुकोबांची पालखी कुरकुंभच्या अलीकडे, पाटसला महामार्ग सोडते आणि रोटी घाटाने बारामतीकडे वळते. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पालखीमार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली, तेव्हा वारकऱ्यांसाठी दुतर्फा स्वतंत्र पदपथ करण्याचे जाहीर करण्यात आले. ही योजना स्वागतार्ह आहे. मात्र गळ्यात टाळ असेल तरच चालणाऱ्याची दखल घ्यावयाची, असा काहीसा हा प्रकार झाला. पाळी संपवून निघालेला कामगार, शाळेस जाणारी मुलगी, बाजाराची पिशवी सांभाळणारी म्हातारी यांची वारी तर वर्षभर चालू असते! त्यांनी मोटारीवाचून राहण्याचे व्रत घेतलेले नाही. मोटार नसणे हीच त्यांची रोजची स्थिती आहे.

खेड्यांतील अंतरे लांब, ऊन कडक. तेथे पायी चालणार कोण, असा आक्षेप घेतला जातो. दौंड ते कुरकुंभ हे सुमारे दहा किलोमीटर कोणी रोज चालावेत असे सुचवण्याचा हेतू नाही. पण पुण्याहून दौंडपर्यंत आगगाडी आहे, पुढे एस.टी. आहे, आणि एस.टी.तून उतरलेला प्रत्येक माणूस पादचारीच असतो. थांब्यापासून घरापर्यंतचे अंतर निर्धास्तपणे काटता येत नसेल, तर माणूस पोटाला चिमटा घेऊन कर्जाने दुचाकी घेतो. मग वाहने वाढली म्हणून रस्ता रुंद करावयाचा, आणि रुंद रस्ता ओलांडणे आणखी दुष्कर! देशात २०२२ साली रस्त्यांवर मृत्यू पावलेल्यांत सुमारे एकपंचमांश पादचारी होते.

सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी पदपथाचा हक्क घटनेच्या २१व्या अनुच्छेदाशी जोडला. महामार्ग एका यंत्रणेचा, वसाहतीतील रस्ते दुसरीचे, गावातले ग्रामपंचायतीचे, अशी टोलवाटोलवी आता चालू नये. या तिन्ही यंत्रणांच्या अभियंत्यांनी एकदा पाळी सुटण्याच्या वेळी कारखान्याच्या फाटकापासून महामार्गापलीकडच्या एस.टी. थांब्यापर्यंत चालत जावे. दिवा कोठे हवा, सावली कोठे हवी आणि रस्ता कोठे ओलांडू द्यावा, याचा आराखडा त्यांनी त्यानंतर काढावा.