ठाकराला रंग

आज ९ ऑगस्ट. मावळात या तारखेला आधी बऊर आठवतं. २०११ साली पवनेच्या पाइपलाइनविरोधात शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघं गेले. क्रांतिदिनही आजच. आणि संयुक्त राष्ट्रांनी १९९४ साली ठरवलेला जागतिक आदिवासी दिनही आजच. पण भुशी धरणाच्या पायऱ्यांवर चिंब भिजणाऱ्या लोणावळ्याला त्याची खबर नसते.

या दिवसाच्या निमित्ताने एक सिनेमा हमखास आठवला जातो, जब्बार पटेलांचा ‘जैत रे जैत’ (१९७७). मूळ कादंबरी गोनीदांची, म्हणजे आमच्या तळेगाव दाभाड्याच्या अप्पांची. घाटाखालच्या ठाकरांची ही गोष्ट. ढोल वाजवणाऱ्या नाग्याला पुण्यवंत व्हायचंय, लिंगोबाच्या डोंगरावरची राणी माशी पाहायचीय. माशी डसून त्याचा डोळा जातो आणि तो थेट देवाशीच वैर धरतो. त्या काळच्या पडद्यावर आदिवासी म्हणजे डोक्यात पिसं, हातात भाला आणि नायकाला खांबाला बांधून त्याच्याभोवती नाच. इथे ठाकराचं पापपुण्य, त्याचं प्रेम, त्याचा हट्ट हीच गोष्ट होती, आणि त्याला तारायला शहरातून कुणी शहाणा येत नव्हता. घरच्या लेकराबाळांसकट मराठी माणसाने ती आपली मानली. हे मोठं काम होतं, आणि पन्नास वर्षांनंतरच्या फूटपट्टीने ते लहान करण्यात शहाणपण नाही.

पण नाग्या झाले मोहन आगाशे. रंगभूमीवर ‘घाशीराम कोतवाल’मध्ये नाना फडणवीस गाजवणारे, पुण्याचे मानसोपचारतज्ज्ञ. चिंधी झाली स्मिता पाटील. दोघांनी जीव ओतला, यात वाद नाही. नटाने परकाया प्रवेश करूच नये असं म्हटलं तर नाटकाचा धंदाच बसेल. ‘प्रभात’च्या ‘पडोसी’त (१९४१, मराठीत ‘शेजारी’) शांतारामबापूंनी मुद्दाम उलटापालट केली: मिर्झा झाले गजानन जागीरदार आणि त्याचा हिंदू दोस्त झाले मझहर खान. धरण फुटतं आणि दोघं मित्र एकत्र मरतात. फाळणीच्या वाटेवरच्या देशात ती अदलाबदल हेच एक विधान होतं.

अदलाबदल म्हणजे देणं आणि घेणं, दोन्ही. नाना फडणवीस नाग्या होऊ शकतो. पण ठाकरवाडीतला पोरगा कधी नाना फडणवीस झाला का? नाना राहू द्या, सिनेमात निदान वकील, मास्तर, नायिकेचा भाऊ? आमचा आक्षेप १९७७वर नाही, त्यानंतरच्या वर्षांवर आहे. तो सिनेमा दार होता. आपण त्याची चौकट पुसूनपुसून चकचकीत ठेवली आणि आत कुणाला बोलावलंच नाही.

राजमाचीच्या वाटेवर सध्या करटोलीचे वाटे पानावर मांडून ठाकर-कातकरी बाया बसलेल्या दिसतात. गाड्या थांबतात. भाजी घेणारे थोडे, मोबाइल समोर धरणारे जास्त. विचारायची पद्धत नाही. एक जण तर ‘मावशी, जरा हसा की,’ म्हणाला. मावशीने पदर तोंडावर घेतला आणि वाटा सारखा केला.

‘जैत रे जैत’मधल्या गाण्यांची वस्ती आता शाळांच्या स्नेहसंमेलनात आहे. मावळात आदिवासी नाचाशिवाय गॅदरिंग होत नाही. मागे एका शाळेत कार्यक्रमाआधी पडद्यामागे डोकावलो होतो. मुलींच्या कमरेला क्रेप कागदाची पानं बांधली होती आणि बाई एका वाटीत काळा रंग कालवून ओळीने प्रत्येकीच्या तोंडाला, दंडाला फासत होत्या. ओळीत शेवटी वाडीवरची एक मुलगी उभी होती, ठाकराची. बाईंचा हात घाईत होता. त्यांनी तिलाही रंग लावला.