बटणांवरची अक्षरे

जुने कपडे देऊन भांडे घेताना कोटाची पितळी बटणे तेवढी कापून ठेवायची, ही आपल्या घरांतली जुनी रीत. मग ती सुईदोऱ्याच्या डब्यात वर्षानुवर्षे पडून राहतात. त्यांवर अक्षरे असतील तर मात्र एकदा डबा पालथा करून पाहावा. गणवेशाची बटणे, बिल्ले, टोपीवरची चिन्हे, खांद्यावरच्या पट्ट्या जमवणे हा एक छान छंद आहे, आणि त्याचे पहिले भांडवल पुष्कळ घरांत आधीच असते.

झाशीचेच पाहा. पेशवाईपासून मराठी घरे असलेल्या या गावाचे नाव निघाले की राणी लक्ष्मीबाई आठवते. पण झाशी हे शंभराहून अधिक वर्षे रेल्वेचेही गाव आहे. इथे रूळ आणले इंडियन मिडलँड रेल्वे या कंपनीने. १९०० च्या सुमारास तिचा कारभार बोरीबंदरच्या जी.आय.पी. रेल्वेकडे आला. १९२५ मध्ये जी.आय.पी. सरकारने चालवायला घेतली. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी तिची मध्य रेल्वे झाली. २००३ मध्ये झाशी विभाग उत्तर मध्य रेल्वेत गेला आणि २०२१ च्या अखेरीस स्टेशनलाही वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव मिळाले. गाव तेच, काम तेच, धनी मात्र बदलत गेले. पणजोबांपासून नातवापर्यंत सारे रेल्वेत असलेल्या घरात हा बदल बटणांच्या एका ओळीत मांडता येईल.

धनी बदलला की चिन्ह बदलते, हे जर्मनीतल्या अग्निशमन दलांच्या चिन्हांत फार ठळक दिसते. तिथे ती जमवणारे हौशी संग्राहक आहेत. गावोगावचे बहुतेक बंबवाले स्वयंसेवक; एरवी आपापला धंदा, भोंगा वाजला की बंबावर. शिरस्त्राण आणि कुऱ्हाडी ही त्यांची आवडती खूण. १९३८ च्या कायद्याने नाझी राजवटीने ही दले पोलिसांच्या ताब्यात दिली आणि गणवेशावर गरुड व स्वस्तिकाचे चिन्ह आले. १९४५ नंतर ते गेले. आज ते चिन्ह मिरवणे जर्मनीत गुन्हा आहे. इतिहासाच्या अभ्यासापुरती सवलत आहे. आग विझवणारा माणूस तोच, पण तो कोणाच्या हुकमाखाली होता हे ते बिल्ले सांगतात. म्हणून तिथला जाणता संग्राहक असा बिल्ला छातीवर लावत नाही आणि वितळवूनही टाकत नाही. तारीख लिहून जपून ठेवतो.

आपल्याकडे सुरुवात करणाऱ्यांनी काही गोष्टी सांभाळाव्यात. पितळ दिसले की चिंच किंवा पितांबरी घेऊन घासण्याचा मोह आवरा. घासून अक्षरे झिजतात, जुनेपणाची झाक जाते. कोरड्या मऊ फडक्याने पुसणे पुरे. बटणाची मागची बाजू जरूर पाहा. तिथे पुष्कळदा बनवणाऱ्याचे नाव असते आणि त्यावरून काळ ठरवायला मदत होते. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवल्यास पितळेवर हिरवा कळक चढतो, म्हणून साधा कागद बरा. कापडी पट्ट्या दमट कपाटात ठेवू नका, कसर लागते. सध्या वापरात असलेल्या गणवेशाच्या खुणांच्या मागे लागू नका. लोकांना फसवण्यासाठी सरकारी नोकराचा पोशाख किंवा खूण वापरणे हा गुन्हा आहे.

सर्वांत महत्त्वाची आहे ती सोबतची चिठ्ठी. हे बटण कोणाचे, तो काय काम करी, कुठल्या स्टेशनवर, किती साली, हे चार ओळींत लिहून त्याच पाकिटात ठेवा. बाजारात जी.आय.पी.चे बटण पैसे देऊन मिळेल, पण ते कोणी घातले हे तिथे कोणी सांगणार नाही. ते सांगणारी माणसे घरात असतात, आणि ती थकत चालली आहेत. या सुट्टीत आजोबांना किंवा आजीला शेजारी बसवून डबा उघडा. बटण त्यांच्या हातात द्या आणि वही घेऊन ऐका.