पटावर नाव, पण वाचनाचे काय?

‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत सरकारी शाळांतील तिसरीच्या जेमतेम २३ टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. तरीही अनेक शाळांत उपचारात्मक वर्ग म्हणजे तोच धडा पुन्हा! माझ्या मते आधी चाचणी घ्यावी : अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. मग इयत्ता बाजूला ठेवून पातळीनुसार गट करावेत, रोज एक तास राखावा, अक्षरांवरच अडलेल्यांना सर्वांत अनुभवी शिक्षक द्यावा, महिन्याने पुन्हा तपासून गट बदलावेत. शाळा मराठी असो वा उर्दू, पद्धत हीच. शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांनो, पुढच्या बैठकीत विचारा : आपल्या शाळेत किती मुलांना वाचता येते? शिक्षणाचा घटनात्मक हक्क केवळ पटनोंदणीने पूर्ण होत नाही.