तांड्याचा नायक

जुन्या घराण्यांचा इतिहास आपण वाड्यापासून सुरू करतो. वाडा कोणी बांधला, पाटीलकी कोणाकडे होती वगैरे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या वाडाच नव्हता, त्यांचे काय?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातले नावाजलेले घराणे म्हणजे पुसदचे नाईक. वसंतरावांचा जन्म १ जुलै १९१३ चा, गहुलीचा. १९६३ ते १९७५ ते मुख्यमंत्री होते. १९९१ मध्ये पुतणे सुधाकररावही झाले. हे सर्वांना पाठ आहे. मला मोठे वाटतात ते वसंतरावांचे आजोबा चतुरसिंग. गहुली त्यांनी वसवली. बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ लादून देशभर फिरणाऱ्या बंजाऱ्यांचा धंदा रेल्वेने बुडवला आणि तांडे शेतीकडे वळले. तांड्याचा प्रमुख तो नायक. म्हणजे राठोडांच्या या घराण्याचे आडनाव मुळात पदच!

दारव्ह्यात माझ्या हजेरीपटावर राठोड, चव्हाण, आडे, जाधव कितीतरी असत. तरी गावातली काही मंडळी त्यांना ‘बाहेरचे’ म्हणत. अहो, तुमच्या पणजोबांच्या ताटातले मीठ कोणाच्या बैलांवरून आले होते?

नाईकांवर पुस्तके निघाली, पुतळे उभे राहिले, ते योग्यच. पण साध्या तांड्याची वाट कोणी लिहून घेत नाही. कुठून निघालो, पहिला मुक्काम कोणत्या नाल्याकाठी, जमीन कशी मिळाली, हे म्हाताऱ्या याडीला गोरमाटीत अजून सांगता येते. माझ्या शिकलेल्या विद्यार्थ्यांनो, येत्या दिवाळीला गावी याल तेव्हा वही घेऊन तिच्याजवळ बसा.