घार

इतवारीच्या बाजारपेठेत दुपारी मान वर केली की घारी घिरट्या घालताना दिसतात. तापलेल्या छपरांवरून चढणाऱ्या उष्ण हवेवर त्या पंख न हलवता तरंगतात. त्यामुळे ऊन चढेपर्यंत फारशा उंच जात नाहीत. दुभंगलेली शेपटी ही घारीची खूण. पंखांचा पसारा सुमारे दीड मीटर, वजन मात्र किलोभराच्या आतच. १८३२ साली कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या पक्ष्यांची नोंद करताना तिला ‘गोविंदा’ हे शास्त्रीय नाव दिले; उपजातीचे नाव म्हणून ते आजही टिकून आहे.

शिकारी म्हणून तिची ख्याती असली तरी शहरात तिचे पोट बहुतांशी उकिरड्यावर, मेलेल्या उंदरा-घुशींवर भरते. पायात धरलेला घास ती उडता उडताच खाते.

ऐन थंडीत ती उंच झाडावर काटक्यांचे घरटे बांधते. आत चिंध्या, दोरे, कागद, जे सापडेल ते. दोन-तीन अंडी, महिनाभर उबवण. नेमकी त्याच सुमारास संक्रांत येते. सुती दोरा कुजतो, तुटतो. नायलॉनचा मांजा फांद्यांत महिनोन् महिने तसाच राहतो आणि पंखाच्या पुढल्या कडेची कातडी हाडापर्यंत कापतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही दखल घेतली. तरी रीळ विकले जातेच, आणि ते कोणत्या तरी दुकानातूनच विकले जाते.

दिल्लीच्या लाल मंदिरातील पक्षी रुग्णालय १९२९ चे, जैन समाजाने अभिमान बाळगावा असे. मात्र मांसाहारी पक्ष्यांना तेथे मुक्काम मिळत नाही. घार आणि कबूतर शेजारी ठेवता येत नाहीत, ही अडचण खरी. पण वेदना आहार पाहून होत नाही. तेथे घारीला प्रवेश न मिळाल्याने नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद या भावांनी स्वतःच घारींवर उपचार सुरू केले. २०२२ चा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा माहितीपट त्यांच्यावरच आहे.

नागपुरात सेमिनरी हिल्सवर वन विभागाचे उपचार केंद्र आहे आणि तेथे असा भेदभाव नाही. जखमी घार आढळल्यास तिच्यावर जाड कापड टाकून, नख्या सांभाळून, भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवावी. पाणी तोंडात ओतू नये. अडकलेला मांजा ओढू नये. दोन्ही बाजूंनी कापून उरलेला तसाच राहू द्यावा. तो काढण्याचे काम डॉक्टरांचे.